होळीचा बांबू आणि माझी पक्की नोकरी

आता म्हणे पर्यावरणाच्या पदव्या मिळतात. आमच्या वेळी त्याला नुसतं जंगलखातं म्हणायचे, आणि पोरगा कुठेच चिकटेना की बाप त्याला तिथे चिकटवायचा. मीही तसाच चिकटलो. कोरीट गावाहून उचलून मला डोंगरातल्या काठी गावाच्या वाटेवरच्या एका जंगलनाक्यावर टाकलं, तेही कच्च्या नोकरीवर. सोयरीक ठरली होती, पण होणारे सासरे भेटले की एकच विचारायचे, "नोकरी पक्की शे का?" म्हणजे काहीतरी पकडून साहेबांना दाखवणं भागच होतं.

होळीच्या तोंडावर डोंगरातली माणसं ढोल वाजवत, लांबच्या लांब बांबू खांद्यावर घेऊन आली. मी ऐटीत वाट अडवली. जंगलातला माल न्यायचा पास मागितला. होळीच्या बांबूला कसला आलाय पास, म्हणाले. मग जप्त, म्हटलं, ठेवा खाली.

कुणी रागावलं नाही. पुढच्या म्हाताऱ्याने शांतपणे समजावलं, की होळीचा बांबू गावातल्या खड्ड्यात उभा राहीपर्यंत जमिनीला टेकत नाही. साहेबाने जप्त केलाय, तर साहेबाने धरावा. आणि लेकाचे खरंच एकेक करून बाजूला व्हायला लागले! बांबू झुकला तसा मी घाबरून खांदा दिला. ते हसले, परत खांद्याला खांदा लावला, आणि जप्तीचा माल घेऊन मी ढोलामागे थेट त्यांच्या गावात पोचलो. तिथे आमचे रेंजर साहेब पाहुणे म्हणून खाटेवर बसलेले. गेली नोकरी, गेली सोयरीक.

साहेब मात्र बेहद्द खूश झाले. लोकांत मिसळणारा माणूस खात्याला हवाच, असं चारचौघांत म्हणाले. पावसाळ्याआधी मी पक्का झालो आणि लगेच लग्नही उरकलं.

पुढे नाक्यावरून ठेकेदारांचे ट्रक जायचे, साग आणि बांबूने खचाखच भरलेले. राग यायचा. पण प्रत्येकाकडे पास असायचा, आणि अगदी बरोबर असायचा. मी नाक्यावरचा आडवा बांबू वर करून वाट मोकळी करून द्यायचो.

काही वर्षांनी होळीआधी तोच म्हातारा एकटा नाक्यावर आला. या खेपेला रीतसर पास मागायला. मला बरं वाटलं. म्हटलं, शिकली माणसं. कुठल्या जंगलातून तोडणार, ते लिहायला मी पेन उघडलं.

म्हातारा समोरच्या उघड्या डोंगराकडे बघत म्हणाला, "ते तू सांग, सायेब."