सव्वा इंचाचं कव्हर

कुठलंही पुस्तक हातात आलं की बाइंडर आधी ते आडवं धरायचा आणि कण्यावरून अंगठा फिरवायचा. नावगाव नंतर. शिवण घट्ट आहे का, सरस किती थापलाय, कोपऱ्यात कापड नीट दुमडलंय की नुसतंच कोंबलंय, हे सगळं त्याला अंगठ्याने कळायचं, आणि जे कळायचं त्याने बहुतेक वेळा त्याचं तोंड वाकडं व्हायचं. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. आत काय लिहिलंय या भानगडीत तो कधी पडला नाही. सातवीतच शाळा सुटली होती, आणि हाताखालून जाणारं एकेक पुस्तक वाचत बसलो तर दुकानाला कुलूप लागेल, असं तो वर ऐकवायचा.

त्याचे नियम दोनच. पानं हातात आल्याशिवाय कव्हर करायचं नाही. पानं रचायची, दाबायची, पट्टीने जाडी मोजायची आणि मगच पुठ्ठ्याला कात्री लावायची. आणि पुस्तक बांधून झालं की ते एक दिवस वजनाखाली ठेवायचं, तोवर कोणाला उघडू द्यायचं नाही. घाईचं गिऱ्हाईक पुस्तकाला हात घालायला लागलं की "ओलं आहे अजून, उघडायचं नाही," म्हणून तो सरळ काढून घ्यायचा, मग समोर कॉलेजचे प्राचार्य का असेनात.

पहिला नियम त्याने आयुष्यात एकदाच मोडला, तोही पोटच्या पोरीसाठी.

लेक पाच वर्षांपूर्वी त्या जुन्या विद्यापीठाच्या शहरात पीएचडीला गेली. नदीच्या तळातून गाळ काढायचा आणि हजार वर्षांपूर्वी काठावर कुठली झाडं होती ते त्यावरून ओळखायचं, असा काहीसा तिचा विषय होता. बाइंडर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने समजावून सांगायचा आणि प्रत्येक वेळी कुठेतरी घसरायचा. मागच्या हिवाळ्यात ती फोनवर म्हणाली की प्रबंध होतच आलाय, तीनशेएक पानं होतील. याने लगेच विचारलं, छपाई एका बाजूला की दोन्ही? एका. कागद? नेहमीचाच. झालं. फोन खाली ठेवायच्या आत याच्या डोक्यात सव्वा इंच पक्का बसला होता.

"अहो, आधी पानं तर येऊ देत," बायको म्हणाली होती. एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

त्याने ऐकलं नाही. ठेवणीतलं गडद तपकिरी कापड काढलं, कोपरे असे दुमडले की बोटाला लागू नयेत, आणि कण्यावर सोनेरी अक्षरं उठवली. प्रबंधाचं हातभर लांब नाव त्याला पाठ नव्हतं, म्हणून लेकीचं पूर्ण नाव आणि खाली साल, इतकंच. पूर्ण नाव म्हणजे मधे त्याचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बापांची नावं सोन्यात उठवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या नावातलं एक अक्षर खोडून पुन्हा उठवावं लागलं. मग कव्हर फडक्यात गुंडाळून कपाटात गेलं. हिवाळा संपला, उन्हाळा संपला, पानं काही आली नाहीत. शेवटी बायकोच म्हणाली, एकदा जाऊन या, शहरही बघून होईल. पिशवीच्या तळाशी कव्हर, वर डबा, असा तो सकाळच्या पहिल्या बसने निघाला.

लेक स्टँडवर न्यायला आली होती. वाळली होती, पण हसत होती. दिवसाचा सगळा बेत तिने आखूनच ठेवला होता: आधी घंटाघर, मग दगडी पूल, वेधशाळा, परीक्षांचा आणि पदवीदानाचा सभामंडप. बाइंडरला खरं तर दोनच गोष्टी बघायच्या होत्या, ग्रंथालयातली तिची खुर्ची आणि तिचे सर. दोन्हीला ती म्हणाली, "दुपारी जाऊ, बाबा."

सांगत मात्र सुरेख होती. घंटाघराचं घड्याळ पाच मिनिटं मागे का, तर कधीकाळी एक कुलगुरू उशिरा उठायचे आणि त्यांना कोण बोलणार, म्हणून घड्याळालाच मागे केलं. सभामंडपाच्या पायऱ्या मध्यभागी खोलगट झिजल्या होत्या. तिथे ती थांबली, क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "या पायऱ्या पास झालेल्यांनी नाही झिजवल्या. ते एकदाच चढतात. या झिजवल्या नापासांनी." बाइंडर इतका हसला की त्याला ठसका लागला.

ती चालत होती उलटी. तोंड त्याच्याकडे, पाठ रस्त्याकडे आणि एक हात वर धरलेला. अगं पडशील, असं तो दोनदा म्हणाला. ती ना अडखळली ना खांबाला धडकली. गाळ तपासता तपासता पोरीने एवढं सगळं पाठ तरी कधी केलं, याचंच त्याला कौतुक वाटत राहिलं. पुलाच्या टोकाला शहराची चित्रं विकणारी एक बाई बसली होती. तिने लेकीला बघून विचारलं, आज एकच का? लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाईने आपल्यालाच काहीतरी विचारलं असं समजून बाइंडरने मान डोलावली आणि हो, एकच, असं सांगून टाकलं.

ग्रंथालयाच्या दाराशी दोन रांगा होत्या. डावीकडे कार्डवाले, कार्ड टेकवून सरळ आत जाणारे. उजवीकडे खिडकी, तिथे पाहुण्यांना चिठ्ठी मिळायची. लेक उजवीकडे उभी राहिली. तुझं कार्ड कुठाय, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला एकट्याला रांगेत कसं सोडू? त्याला ते पटलं. न पटून जातो कुठे? खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच किती जण म्हणून विचारलं, मग तिचा आवाज ओळखून वर बघितलं.

"अगं, तुझा ग्रुप चारचा ना?" तो म्हणाला. "आत्ताच कशी आलीस?"

बापाचा हात धरून लेक रांगेतून बाहेर पडली आणि त्याला अंगणातल्या बाकावर घेऊन आली. पुस्तकात मधली पानं गळली असतील तर बाइंडरला नुसत्या हाताच्या वजनाने कळायचं. तसं त्याला आत्ता कळलं होतं. फक्त किती गळली, ते कळायचं होतं.

तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. तिचे सर दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले. नव्या सरांनी तळघरातल्या गाळाच्या बरण्या वर काढल्या, तर ओलीने त्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या धुऊन निघालेल्या. कुठला गाळ किती खोलीवरचा, हे कोणालाच सांगता येईना. अडीच वर्षांचं काम एका दुपारी चिखल झालं. नवे सर म्हणाले, पहिल्यापासून करा. तिने करूनही बघितलं. पण दर वेळी लिहायला बसली की हात गळायचे. मग मुदत संपली आणि नाव कमी झालं. त्यालाही आता चौदा महिने होऊन गेले होते. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना शहर दाखवत होती, दिवसाला तीन ग्रुप.

"तीनशे पानं म्हणाली होतीस," बाइंडर म्हणाला.

"एक्केचाळीस आहेत, बाबा."

फाटलेलं पान तो पातळ कागद लावून सांधायचा. वाळवीने खाल्लेलं, पाण्यात भिजलेलं, कडेने जळालेलं, सगळं त्याच्याकडे आलं होतं, आणि होणार नाही म्हणून त्याने कोणाला परत पाठवलं नव्हतं. पण जे लिहिलंच गेलं नाही त्याला त्याच्या दुकानात औषध नव्हतं. तरी त्याचं डोकं मुकाट्याने हिशोब करत बसलंच. पुस्तक बारीक असलं की मागेपुढे कोरी पानं घालून भरतात. दोन घालतात, चार घालतात, फार तर दहा. दोनशे एकोणसाठ कोरी पानं आजवर कोणी घातली नव्हती.

"आईला हे सांगणार कोण?" त्याने विचारलं.

"आईला माहीत आहे." ती नखाने बाकाची कड खरवडत होती. "मीच म्हटलं होतं, बाबांना मी सांगीन. मला जमलंच नाही. तुम्ही फोनवर कागद कुठला म्हणून विचारलंत, आणि मला जमलंच नाही."

आधी पानं तर येऊ देत. बायको तेव्हा आत का निघून गेली, ते त्याला आत्ता समजलं. त्याला राग आला, पण तो कोणावर काढावा हे ठरेना. निघून गेलेल्या सरांवर काढावा तर ते सापडणार नव्हते, ओल धरलेल्या भिंतीवर काढून उपयोग नव्हता, आणि पोरीवर काढावा तर ती आधीच अर्धी झाली होती.

"बाबा, रागवा ना," ती म्हणाली. "काहीतरी बोला."

बाइंडरला बोलायचं होतं. बापाने अशा वेळी जे बोलायचं असतं ते कुठेतरी लिहिलेलं असणार, त्याने बांधलेल्या हजारो पुस्तकांत कुठेतरी नक्कीच असणार, आणि त्याने एकही वाचलं नव्हतं. त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "खाऊन घे. चार वाजत आले."

त्याची बस साडेसहाची होती. तुम्ही इथेच सावलीत बसा, असं ती म्हणाली. एकट्याने बसणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, मी आपला मागे मागे येतो, तुला त्रास देत नाही.

ग्रुपमध्ये चौदा माणसं होती. बाइंडर पंधरावा, सगळ्यांच्या मागे, पिशवी काखेत धरून. घंटाघराशी उशिरा उठणारे कुलगुरू पुन्हा आले. पायऱ्यांशी लेक थांबली, तेवढीच गप्प राहिली, सकाळी राहिली होती अगदी तेवढीच, आणि म्हणाली की या झिजवल्या नापासांनी. चौदाजण हसले. बाइंडरला मान वर करवेना. सकाळी आपण कशाला हसलो, ते त्याला तिथे कळलं. दिवसाला तीन वेळा ही पोर स्वतःवर लोकांना हसवते आणि पुढे चालू लागते.

शेवटी ग्रंथालय. चिठ्ठ्या घेऊन सगळे वरच्या सज्जात गेले. तिथे भिंतभर प्रबंध लावलेले होते, पुढे एक दोर, आणि दोरामागे ओळीने नुसते कणे. प्रत्येकावर नाव आणि साल. लेक सांगू लागली की इथला प्रत्येक विद्यार्थी आपल्यामागे एवढी एक बोटभर जागा ठेवून जातो. टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "तुम्हीही इथल्याच ना? मग यात तुमचा कुठला?"

याचं ठरलेलं उत्तर तिच्याकडे असणार. दिवसाला तीन ग्रुप म्हणजे कोणी ना कोणी विचारत असणारच. ती हसून तोंड उघडणार इतक्यात तिची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे गेली, बापापाशी येऊन थांबली, आणि शब्द तिथेच राहिले. वर धरलेला हात तसाच वर राहिला. माणसं वाट बघत होती.

"हा इथे आहे," बाइंडर मागून म्हणाला.

त्याने पिशवीत हात घातला. आतल्या आतच फडकं सोडलं, आणि बाहेर काढता काढता दोन पुठ्ठ्यांच्या मधे आपला डावा पंजा सरकवला. उघडी बाजू त्याने छातीशी धरली आणि कणा लोकांकडे केला. सोनेरी अक्षरं सज्जातल्या दिव्यात झळकली. दोघातिघांनी नाव मोठ्याने वाचलं, मधलं त्याचंसुद्धा.

"वा," टोपीवाले म्हणाले. "तुम्ही यांचे कोण?"

"बाप. बांधलंय मीच."

"अरे वा. बघू तरी." त्यांनी हात पुढे केला.

बाइंडर एक पाऊल मागे सरला.

"ओलं आहे अजून," तो म्हणाला. "उघडायचं नाही."

त्यांनी समजूतदारपणे हात मागे घेतला. लेक स्वतःच्या नावाकडे बघत उभी होती, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिला पुढचं वाक्य आठवत नव्हतं. बाइंडरचा पंजा जाडजूड होता, सरसाने आणि पुठ्ठ्याने राठ झालेला, त्याने सव्वा इंच बरोबर भरला होता. पानांच्या जागी त्याचा हात होता, आणि आता तो बाहेर कधी काढायचा, हे त्याला कोणी सांगत नव्हतं.