शोभाच्या दारातले पावणे

लसीकरणाच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपसूक पदरात पडतात. मी नर्स, शोभा आमची आशा वर्कर. कसबा बावड्यात दोघी बरोबर काम करतो. पण तिच्या लेकीचे पहिले नऊ महिने म्हणजे किस्स्यांचं गाठोडंच!

आधी एक सांगते. शोभाच्या थोरल्याला, सागरला, सातव्या महिन्यात गोवर आला. लस असते नऊ महिने भरल्यावर. गोवर गेला, पोरगं गुटगुटीत झालं. नऊ वर्षांनी हातातनं पेन्सिल पडायला लागली, मग झटके, मग बोलणं गेलं. तोच गोवर मेंदूत दडून बसलेला. क्वचित होतं असं, पण झालं की औषध नाही. सागर गेला. काही वर्षांनी ही लेक झाली, आणि शोभानं ठरवलं, लस टोचेपर्यंत पोरीजवळ कुणी फिरकायचं नाही.

कोल्हापुरात पावण्याला दारात थांबवायचं म्हणजे बघा!

शेजारच्या आक्का बाळंतविडा घेऊन आल्या. शोभानं तो खिडकीतनंच घेतला. आक्का भडकल्या, "पोरगी हाय का सोन्याची खाण?"

"खाण असती तर दाखवली असती की, आक्का."

तिची आई एसटीनं आली आणि अंगणात एकदा खोकली. झालं! दोन दिवस नात व्हिडिओ कॉलवर, आजी अंगणात, नात आत. म्हातारी म्हणाली, "हे तर घरनं बी दिसत हुतं. तिकिटाचं पैसं दे."

नवरा कागलच्या एमआयडीसीत. कामावरनं आल्यावर अंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावायचा नाही. एकदा नळाला पाणी नव्हतं, तर गडी पंचगंगेवर जाऊन आला. मला म्हणाला, "सिस्टर, हळदीला बी एवढा घासून निघालो नव्हतो."

रजेवर असूनही शोभा फोनवरनं लशीसाठी लोकांच्या मागं लागायची. एक बाप म्हणाला, "गोवर म्हंजे आठ दिवसांचा पावणा वो, ताई."

शोभा म्हणाली, "आमच्यात नऊ वर्सं राहिलता."

दुसऱ्या दिवशी तो पोराला घेऊन रांगेत पहिला उभा होता.

नऊ महिने भरले त्या गुरुवारी शोभा लेकीला घेऊन आली. बरोबर तिची नणंद, गडहिंग्लजची. सागरला गोवर लागला तो हिच्या पोराकडनं. घरात कुणी कधी बोललं नाही, पण सागरच्या दिवसांनंतर वन्सं माहेरी आल्या नव्हत्या. आज शोभानंच बोलावून घेतलेलं. तरी त्या फाटकातच थांबल्या.

शोभा बाहेर गेली, हाताला धरून त्यांना आणलं, खुर्चीत बसवलं आणि पोरगी मांडीवर दिली. "दंड घट्ट धरा, वन्सं."

मी टोचलं. पोरगी रडली, वन्सं तिच्यापेक्षा जास्त रडल्या.

मी कार्ड भरायला घेतलं. बारसंच केलेलं नव्हतं, त्यामुळं नावाच्या जागी नुसतं 'शोभाचं बाळ' लिहिलेलं. मी म्हटलं, "आता तरी नाव सांग, बाई."

"मला काय इचारता, सिस्टर? आत्या बसल्यात की हितं."