काट्यावरचा विश्वास

परवा घाटातून उतरताना लेक तिच्या नव्या स्कूटरवर माझ्या मोटारसायकलच्या मागे होती. खाली थांबल्यावर ती चिडूनच म्हणाली, "बाबा, साठने कुठे निघाला होतात?"

"काटा चाळीसवर होता," मी म्हणालो.

"माझा साठवर होता!"

मी तिच्याच गाडीला दोष दिला. पण गॅरेजवाल्याने माझं पुढचं चाक खोललं आणि म्हणाला, "काका, मीटरचा काटा फिरवणारी ही दातेरी गरारी दुसऱ्याच गाडीची बसवलीय. काटा चाळीस दाखवतो तेव्हा तुम्ही साठला असता."

ती गरारी बदलून तीन वर्षं झाली होती. बायको मागे बसली की माझा खांदा घट्ट धरून "हळू चालवा हो" म्हणायची. मी काट्याकडे बोट दाखवून तिला भित्री म्हणायचो. पाठीशी बसलेल्या जित्या माणसाची भीती खोटी आणि काचेमागचा काटा खरा, असं मी किती सहज मानलं होतं!

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "म्हणून तर वर्षभर मी बसने जाते."

"ते गुडघ्यामुळे ना?"

"तुम्हाला तसं सांगितलं होतं."