मुलाणी सरांचा लोखंड्या

मुलाणी सर माणसाचं चित्र हातापासून सुरू करायचे. आपण सगळे आधी डोक्याचा गोल काढतो. सर कागदाच्या मधोमध एक पंजा काढत आणि मग त्याला माणूस जोडत. "चेहरा काय, कुणीही काढतो हो. हात जमला की माणूस जमला," असं पोरांना सांगत. तळवड्याच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. माणूस अघळपघळ, आणि कुठल्याही पोराच्या कुठल्याही चित्राला "वा!" म्हणायची दिलदार खोड.

पोरं वाचत नाहीत म्हणून मी एकदा रडगाणं लावलं, तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही संवाद लिहा, मी चित्रं काढतो. आपल्या पोरांना आपल्याकडचा सुपरहिरो पाहिजे राव." असा लोखंड्या जन्माला आला. दिवसा कंपनीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणारा, संकट आलं की अंगावर पत्रा चढवणारा. एका पानावर अजस्र प्रेस कामगाराच्या हातावर कोसळतो आणि लोखंड्या तो उघड्या पंजावर तोलून धरतो. पुस्तक वर्गावर्गात गेलं. पोरं फिदा. मधल्या सुट्टीत जो तो पंजा पुढे करून दार अडवू लागला.

शेवटचं पान कोरं होतं: 'तुमच्या घरातला सुपरहिरो काढा.' सहावीतल्या स्वातीनं वडील काढले, दोन्ही हात खिशात घालून उभे. सरांनी पान वर्गापुढे उंच धरलं. "वा! काय रुबाब आहे!" लाल पेनानं तेच शब्द चित्राखाली लिहिलेही.

पालकसभेला वडील आले. नमस्काराला हात जोडले, तर उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट. बाकीची प्रेसखाली गेलेली. स्वातीनं इकडेतिकडे बघितलं आणि तो हात धरून हळूच त्यांच्या खिशात घातला. वडील अवघडून हसले. "लाजती हो पोरगी," म्हणाले.

सर स्टाफरूममध्ये डोकं धरून बसले. "लोखंड्याचा हात प्रेस थांबवतो. बापाचा नाही थांबवू शकला. पोरीनं काय समजायचं? आणि वर मी वा म्हणालो!"

"संवाद तर माझेच होते, सर."

"पण हात माझा होता."

त्यांनी पुस्तकातलं ते प्रेसचं पान नव्यानं काढलं. आता लोखंड्याच्या हाताला अंगठा आणि एक बोट होतं, आणि त्याच बोटानं तो मशीन बंद करत होता. आम्ही दोघांनी प्रत्येक पुस्तकात ते पान चिकटवलं. स्वातीचं तेवढं राहिलं. वडिलांना चाकणला एका कंपनीच्या गेटवर काम मिळालं आणि बिऱ्हाड तिकडे गेलं होतं.

एका रविवारी सर स्कूटर काढून ते पान द्यायला चाकणला गेले आणि तसेच परत आले. "भिंतीवर लावलंय हो तिनं ते चित्र. देवाच्या फोटोशेजारी. खाली माझं लाल 'वा'. म्हणाली, 'सर, पप्पा आता बाहेर जाताना असेच उभे राहतात. तुम्हीच रुबाब म्हणालात ना!' माझ्याच्यानं पिशवीतून पान काढवेना." त्यानंतर सरांचा "वा" बंद झाला. चित्र कितीही चांगलं असो, आधी विचारायचे, "हे असं का काढलंस बेटा?" पोरं बिचारी गोंधळायची.

आजारी पडल्यावर त्यांनी ते पान माझ्याकडे दिलं. "तुम्ही शब्दांची माणसं. तुम्हाला जमेल." मी हो म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. कब्रस्तानात स्वातीचे वडील आले होते, उजवा हात खिशात घालून, चित्रातल्यासारखे. माती द्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी तो हात बाहेर काढला. मूठ वळेना, माती निसटत होती. पुन्हा वाकून त्यांनी ती उचलली आणि सरांना दिली. मग पँटीला हात पुसला, आजूबाजूला पाहिलं आणि तो परत खिशात घातला.

पान माझ्या बॅगेत होतं. मलाही ते काढवलं नाही.