ज्वालामुखीच्या तळाशी मेव्हणे

ज्याच्याशी सौदा करायचा, त्याला उठून जाता येणार नाही अशा जागी गाठावं, हे मला धंद्याने शिकवलं. म्हणून मेव्हण्यांना गाठायला मी ज्वालामुखीचं पोट निवडलं.

आम्ही सुट्टीला आलो होतो त्या माउई बेटावरचा हा डोंगर झोपलेला आहे. दहा हजार फुटांवरच्या माथ्यावरून पायवाट थेट आत, तळाकडे उतरते. बायको गुडघ्यांमुळे वर पार्किंगमध्येच थांबली. मी आणि तिचे थोरले भाऊ, रिटायर्ड डॉक्टर, खाली निघालो.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, आमच्या वेस्ट विंडसर गावातल्या सगळ्या मराठी मंडळींसमोर, त्यांनी माइक घेऊन सांगितलं होतं, “जावईबापूंचं दुकान उभं राहिलं ते माझ्यामुळे.” जावईबापू म्हणजे मी, त्यांच्या बहिणीचा नवरा. मी स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी ग्रॅनाइट विकतो. सुरुवातीच्या लाद्या स्वतःच्या पाठीवर वाहिल्या. तेव्हा हेच म्हणाले होते, “दगड विकून अमेरिकेत कोण जगतं हो?” आता लग्नात त्याच मंडळींसमोर त्यांनी खरं काय ते सांगावं, एवढंच मला हवं होतं.

वाटेच्या तोंडाशी पाटी होती: वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. मेव्हण्यांनी ती हसण्यावारी नेली. “अहो, आपण राजगड-तोरणा केलेली माणसं! दमलो की फिरू मागे.” मलाही पटलं. गडावर तसंच असतं. दम लागला की वळायचं, पुढे सगळा उतार.

इथे दम लागतच नव्हता. पायाखाली काळी-तांबडी भुसभुशीत राख, आजूबाजूला गंजक्या रंगाच्या टेकड्या, ना झाड ना पाखरू. तळाशी एका दगडावर बसलो आणि मी विषय काढला.

“साखरपुड्यात दुकानाबद्दल बोललात ते खोटं होतं. लग्नात दुरुस्त करा.”

“काय बोललो होतो मी?”

त्यांना आठवतही नव्हतं! माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, पण त्या मोकळ्या खोऱ्यात आवाज कुठल्या कुठे विरला.

“अमेरिकेत आल्या आल्या राहिलात कुणाकडे?” ते म्हणाले.

“राहिलो तुमच्याकडे. त्याचा दुकानाशी काय संबंध?”

“बरं, निम्मं तुमचं म्हणतो.”

“निम्मं? सगळं! नाहीतर लग्नात माइक विसरा.”

“वर गेल्यावर बघू, जावईबापू,” म्हणत ते उठले.

वळलो, आणि गड उलटा झाला. सगळा चढ पुढे, हवा विरळ, राखेत टाकलेलं पाऊल मागे घसरणारं. थोड्याच वेळात मेव्हणे मटकन बसले. घामाने धुरकटलेला चष्मा त्यांनी सॅकमध्ये टाकला. ती सॅक मी घेतली, हात दिला. माझ्याशिवाय ते वर जाऊ शकत नव्हते. उभ्या धंद्यात गिऱ्हाईक असं हातात आलं नव्हतं. पण मी तोंड उघडलं की शब्दांऐवजी नुसता श्वास यायचा. आणि त्यांचे निळसर पडलेले ओठ बघून मागायचं तरी काय?

वर बायको थर्मास घेऊन धावत आली. “किती उशीर! काय झालं, दादा?”

मेव्हणे गाडीला टेकले. चहा पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

“काही नाही गं. जावईबापूंना जरा हळूहळू आणावं लागलं. बरं झालं, मी बरोबर होतो.”

दोन्ही सॅक अजून माझ्याच खांद्यावर होत्या. बायकोने त्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नको. साखरपुड्यातही तिने असंच पाहिलं होतं.

मी त्यांची सॅक खांद्यावरून काढून डिकीत आदळली. चष्मा तिच्यातच होता.