डक्टमधली गार हवा

हीट पंपाच्या धंद्यात पडलो तेव्हा वाटलं, पाणी तापवायचं मशीन, यात कसलं आलंय भूत! आता मी आणि माझा जोडीदार पोपटराव चहाला बसलो की किस्से संपत नाहीत. मशीन साधं आहे. खोलीतली हवा ओढतं, तिची ऊब पाण्याला देतं आणि गार झालेली हवा डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या जाड पाइपातून, बाहेर फेकतं. लोकांना गरम पाणी पटतं, गार हवा पटत नाही.

*

पंचवटीतल्या एका गुरुजींनी आमचं न ऐकता मशीन बिनखिडकीच्या अडगळीच्या खोलीत बसवून घेतलं. डक्टही नको म्हणाले. आठवड्यात फोन! "खोलीत पाय ठेवला की अंगावर काटा येतो हो. दार आपोआप आपटतं!"

जाऊन बघतो तर हवेच्या एकुलत्या एका जाळीत लिंबू-मिरची कोंबलेली. पोपटराव म्हणाला, "गुरुजी, भूत नाय, हवा कोंडलीय!" भिंतीला भोक पाडून डक्ट काढला. दार शांत झालं. लिंबू मात्र त्यांनी डक्टवर टांगलंच.

*

निफाडला नवी सून बाथरूममध्ये गेली की छतातून आवाज यायचा, "पुरे आता पाणी!" पोरगी अंघोळीला जाईना. आम्ही शोध घेतला, तर डक्टच्या वरच्या टोकाला गच्चीवर सासूबाई बेदाणे निवडत बसलेल्या. "मला काय माहीत खाली ऐकू जातं!" म्हणे. साफ खोटं! पाट अगदी डक्टच्या तोंडाशी मांडला होता.

*

डक्ट जोडला की आम्ही उदबत्ती धरतो. धूर जाळीकडे सरळ गेला की काम चोख. गंगापूर रोडच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये धुराला मधोमध दोन फाटे फुटले आणि माणूसभर जागा सोडून ते पुढे पुन्हा एक झाले. तीनदा तेच!

पोपटराव म्हणाला, "बाबा, जरा सरका. काम चाललंय."

धूर सरळ गेला. आम्ही हत्यारं तिथंच टाकून पळालो.

*

आणि सायखेड्याच्या काकू. काका गेल्यावर मुलाने, संदीपने, आपल्या आप्पांची खोली धुऊन, रंगवून तिथं मशीन बसवून घेतलं. काकू रोज सकाळी अंगणात डक्टच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. "ह्यांच्या बिडीचा वास येतो," म्हणायच्या.

या वर्षी संदीपने ठरवलं, आईला पुण्याला न्यायचं आणि घराला कुलूप लावायचं. काकूंचं एकच, "मला नाय जायचं. हे हायेत इथं." तरी संदीपने आम्हाला मशीन काढायला बोलावलं. खरं सांगतो, हात चालत नव्हते.

भर दुपारी वीज तोडली, मशीन टेम्पोत चढवलं. भिंतीत नुसता डक्ट उरला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. काकू डक्टला हात लावून म्हणाल्या, "अहो, हा नेतोय मला. तुम्ही तरी सांगा की याला!"

संदीप चिडला. "आई, बास ना! पत्र्याचा पाइप आहे तो!" उपटायला त्याने हात घातला आणि तसाच थांबला. डक्टमधून हवा येत होती. गार नाही, चांगली उबदार! बिडीचा वास तर आम्हा चौघांनाही आला.

मग आत कोणीतरी खोकलं. खोली रिकामी होती, दार सताड उघडं.

संदीपने हात मागे घेतला. "बरं, आप्पा," म्हणाला आणि आईची बॅग उचलून घरात घेऊन गेला.