धागा सांधणारी बोटं

मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी झाली होती. वैनीचा फोन आला आणि ती एवढंच म्हणाली, "सुटले गं तुझे अण्णा." मी निपाणीत, अण्णा बेळगावात, वडगावच्या घरी... रडू यायच्या आधी माझं लक्ष गेलं ते फोन धरलेल्या माझ्याच हाताकडं. हात थरथरत होता. सख्खा भाऊ गेल्यावर बहिणीचा हात थरथरणारच, असं मी स्वतःला बजावलं, तरी तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण हाताकडं बघायची ती खोड काही गेलेली नाही.

अण्णा आमचा थोरला. घरातच यंत्रमाग, त्यांच्या खडखडाटात आम्ही वाढलो, त्यामुळं सगळेच मोठ्यानं बोलणारे. अण्णा तेवढा हळू बोलायचा आणि आम्ही त्याच्या ओठांकडं बघून समजून घ्यायचो. मी भांडकुदळ, तो गरीब गाय. माझ्या पाठवणीच्या वेळी मांडवात सगळ्यांत जास्त तोच रडला होता. असा माणूस चाळिशी उलटल्यावर बदलायला लागला. भाकरी गार झाली म्हणून ताटावरून उठायचा, साड्या न्यायला आलेल्या व्यापाऱ्यावर खेकसायचा. एकदा वैनीवर हात उगारला आणि तो हात थांबला नाही. गल्लीतली म्हातारी माणसं म्हणायची, बापाच्या वळणावर गेलाय. आमचे आप्पाही शेवटी शेवटी असेच तापट झाले होते, चालताना झोकांड्या द्यायचे. थेंबालाही न शिवणाऱ्या त्या माणसाला लोकांनी दारुड्या ठरवून टाकलं होतं.

आणि ती बोटं! अण्णा कट्ट्यावर नुसता बसला असला तरी त्याच्या हाताची बोटं चाळवत राहायची. मागावर तुटलेला धागा सांधताना अंगठा आणि शेजारचं बोट जसं फिरतं, अगदी तशी. विणकराच्या घरात याचं कुणाला नवल वाटणार? जन्म मागावर गेला, सवय हातात मुरली, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. आप्पांचीही बोटं अशीच फिरायची... दुसऱ्या कुणाच्या घरात हे कदाचित लवकर खटकलं असतं.

अण्णा मागाजवळच तोल जाऊन पडला तेव्हा त्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त तपासून त्यांनी सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे आणि रक्तातूनच येतो. बोटं, झोकांड्या, संताप, सगळं त्यातलंच. आप्पांनाही तोच असणार, आणि बापाला असला की प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. आजाराचं इंग्रजी नाव वैनीला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. तिनं एकच विचारलं, "मग मला मारलं ते ह्यांनी, का त्या रोगानं?" डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. मला मात्र तेव्हापासून उलटाच प्रश्न छळतो. राग मेंदूतल्या बिघाडाचा, तर मांडवातलं ते रडणं कुणाचं? तेही मेंदूतल्याच कसल्याशा रसाचं असेल, तर असो. मला ते अण्णाचंच हवं आहे.

त्यानंतर घरीदारी त्याला कुणी उलट बोलेना. तो ओरडला की सगळे व्हय व्हय म्हणायचे. मूलबाळ नव्हतं, वैनी एकटीच सगळं बघायची, आणि तीही भांडायची थांबली. एकदा मी गेले होते तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं आणि जड जिभेनं म्हणाला, "कोणच भांडंना झालंय माझ्यासंगं. मी मेलोय काय गं?" मी तिथंच पदर खोचला आणि लहानपणी यात्रेत त्यानं माझी शिट्टी हरवली होती त्यावरून भांडण उकरून काढलं. लई दिवसांनी तो हसला.

माझं रक्त मी अजून तपासलेलं नाही. घाई नाही, कळून घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण माझ्या लेकीचं, मेघाचं, लग्न जमायच्या बेतात आहे, आणि माझ्यात निघालं तर तिच्यापुढंही तेच निम्मं येऊन उभं राहणार. कप हातातून निसटला की मी आधी बोटांकडं बघते. वर्गात पोरांवर ओरडले की वाटतं, हा राग माझा, का आप्पांचा?

परवा मेघा फोनवर बोलत बसली आणि दूध उतू गेलं. मी तडकले, नको नको ते बोलले. एरवी एकाला दोन ऐकवणारी पोरगी, पण खाली मान घालून म्हणाली, "बरं आई, चुकलं माझं." इतक्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मला धडकीच भरली.

"असलं बोलू नको," मी म्हणाले. "भांड माझ्यासंगं."

तिनं ओटा पुसायला घेतला. मग फडकं आपटलं आणि वळली.

"भांडू? मग ऐक. रक्त तपासायचं का टाळतीयास? माझं लग्न मोडंल म्हणून थांबलीयास, असं सांगू नको. तुलाच भ्या वाटतंय."

"व्हय," मी म्हणाले. "लई वाटतंय."